मॅल्कम एक्सची बहीण चित्रपटात का नाही?

रेघोटी: 'स्पाइक ली यांचा 1992 चा चित्रपट पाहिला की अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा पुढारी मॅल्कम एक्स समजण्यास दुसरे काही लागत नाही', हे कालचे विधान वाचून राहवले नाही. तुरुंगात मॅल्कमला 'नेशन ऑफ इस्लाम' या कृष्णवर्णीय मुस्लिम संघटनेची वाट दाखवणारा बेन्स हे रचलेले पात्र आहे. प्रत्यक्षात ते काम त्याच्या भावंडांनी केले, आणि डुकराचे मांस व सिगारेट सोड असे पत्राने कळवणारा रेजिनाल्ड त्याचा सख्खा भाऊ होता. सावत्र बहीण एला तर पडद्यावर नाहीच. तिने खटपट करून त्याला मोठे ग्रंथालय असलेल्या नॉरफोकच्या तुरुंगात हलवून घेतले आणि 1964 च्या हज यात्रेचा खर्चही तिनेच उचलला.

कृष्णाकाठ: विधान माझेच आहे. सव्वातीन तासांत इतकी भावंडे कोठे बसवायची, हे आपणच सांगावे. निर्मितीचे पैसे संपले, तेव्हा ओप्रा विन्फ्री, मायकल जॉर्डन अशा मंडळींनी पदरचे घातले, म्हणून चित्रपट पूर्ण तरी झाला. शेवटच्या प्रसंगात स्वतः पडद्यावर आलेल्या नेल्सन मंडेलांनी 'वाटेल त्या मार्गाने' हे मॅल्कमचे शब्द उच्चारण्यास नकार दिला, तरी लींनी ते गाळले नाहीत. मॅल्कमच्याच जुन्या चित्रफितीतून घेतले.

रेघोटी: मंडेलांआड लपू नका. भावंडे वगळली की मॅल्कमचा जहालपणा तुरुंगातल्या चमत्कारासारखा वाटतो. आईवडील दोघेही कृष्णवर्णीय स्वाभिमानाची चळवळ उभारणाऱ्या मार्कस गार्वीचे कार्यकर्ते होते. ते घरचेच बाळकडू होते.

कृष्णाकाठ: वडिलांचा गार्वीवाद चित्रपटात आहे. पुन्हा पाहावा, या वेळी जागे राहून.

अंगणवेल: आमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीने लोकांचे कपडे शिवून त्यांचे वकिलीचे शिक्षण पुरे केले. त्यांच्या गौरवग्रंथात तिच्या वाट्याला 'कुटुंबीयांचे सहकार्य' एवढे दोनच शब्द आले, आणि ते वाचून तिने ग्रंथ मिटून ठेवला, तो पुन्हा उघडला नाही. एलाविषयी वाचताना मला तीच आठवते. पुढाऱ्याला एकट्यानेच घडलेला दाखवायची ही खोड सगळीकडे सारखीच आहे.

कृष्णाकाठ: आपल्या आजींविषयी आदर आहे, परंतु त्यांच्या शिलाई यंत्रावर स्पाइक लींचा खटला चालवता येणार नाही.

अंगणवेल: खटला नको. हजचे भाडे कोणी भरले, तेवढे एका वाक्यात दाखवले असते तरी चालले असते.

कृष्णाकाठ: बरे, ते एक वाक्य हवे होते, हे मान्य. आता मॅल्कम साकारणाऱ्या डेन्झेल वॉशिंग्टनचे ऑस्कर हुकले, त्याचे खापरही बेन्सवर फोडू नका म्हणजे झाले.

रेघोटी: तेवढे ते ऑस्कर नेणाऱ्या अल पचिनोवर फोडू.