बाल्कनचं गाणं कुणाचं? ('सुरांनी सीमा पुसल्या' या लेखाला उत्तर)

तानपुरा
परवाच्या त्या लेखाचं म्हणणं असं: आग्नेय युरोपातल्या बाल्कन देशांनी एकत्र महोत्सव भरवावेत, एकमेकांचे कलाकार बोलवावेत, सामायिक वारसा लोकांपुढे आणावा, की वैर आपोआप विरेल. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा काढतोय.

वारसा सामायिक आहे हे तिथल्या लोकांना कुणी सांगायला हवंय का? आदेला पेएवा ही बल्गेरियन दिग्दर्शिका एकाच चालीचा माग काढत तुर्कस्तान, ग्रीस, अल्बानिया, बोस्निया, मॅसेडोनिया, सर्बिया, बल्गेरिया असं फिरली, माहितीपट २००३चा. इस्तंबूलला ते उस्कुदारचं प्रेमगीत, बोस्नियात तीच चाल धार्मिक कवनाला. जिथे जाल तिथे 'हे आमचंच'. सर्बियात तिने बोस्नियातलं रूप ऐकवलं, तर गप्पांना बसलेली मंडळी भडकून उठली. चाल एकच, म्हणून तर भांडण! साम्य दिसलं की माया वाटते, हे गृहीतकच मला पटत नाही.

व्हिएन्नाकर
एका माहितीपटातल्या चार माणसांवरून अख्खा प्रदेश मोजताय. माझ्या इमारतीत सर्ब, क्रोएट, बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लीम) सगळे आहेत. लग्नात कोलो, म्हणजे हात धरून गोल फेराचा नाच, सुरू झाला की हात कुणाचा धरलाय हे कुणी बघत नाही. शेजारचे सर्ब आजोबा सेव्हदालिंका, ती जुनी प्रेमगीतं, ऐकताना डोळे पुसतात. ती बोस्नियाची, हे त्यांना माहीत नाही असं वाटतं?

जुई
दादा, व्हिएन्नात नाचणं सोपं आहे. बोस्नियातल्या मोस्तारला या. १९९३च्या युद्धात पाडलेला पूल २००४मध्ये पुन्हा उभा राहिला, पण तिथल्या जुन्या हायस्कुलात बोस्नियाक आणि क्रोएट मुलं एकाच छताखाली वेगवेगळा अभ्यासक्रम शिकतात. त्याच गावात २०१२पासून रॉक स्कूल चालतं. दोन्ही बाजूंची पोरं एका बँडमध्ये, आणि तालमी वर्षभर. महोत्सवाच्या तीन रात्रींच्या रोषणाईला लागणारा पैसा इथे द्या ना.

पालावरचा
सगळे गाणं कुणाचं विचारताय, वाजवतं कोण ते विचारा. सर्बियातल्या गुचाला १९६१पासून ट्रम्पेटचा मेळा भरतो, त्यातले किती नावाजलेले वादक रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात) आहेत! 'एदेरलेझी' रोमांचं पारंपरिक गाणं. दिग्दर्शक कुस्तुरित्साच्या १९८८च्या चित्रपटामुळे जगभर गेलं, आणि लोकांच्या तोंडी नाव राहिलं त्याचा संगीतकार ब्रेगोविचचं.

व्हिएन्नाकर
रोमा तर मूळचे आपलेच. १९७६मध्ये चंडीगडला रोमा महोत्सव झाला, तिथे मॅसेडोनियाच्या राजधानीतल्या, स्कोप्येच्या रोमा गायिका एस्मा रेजेपोवाचा रोमा संगीताची 'राणी' म्हणून गौरव झाला. अभिमान वाटायला हवा.

पालावरचा
हजार वर्षांपूर्वी निघून गेलेल्यांना आपलं म्हणायचं, आणि गावाबाहेर पाल टाकलेल्या डोंबाऱ्याला? माझी आजी खेळात ढोलकी वाजवायची. गावाने खेळ पाहिला, टाळ्या दिल्या, राहायला हातभर जागा दिली नाही. जातीच्या दाखल्यासाठी बापाच्या चपला झिजल्या. तुमच्या अभिमानातून आम्हाला काय मिळालं ते सांगा आधी.

व्हिएन्नाकर
विषय बाल्कनचा आहे. प्रत्येक धागा तिकडेच का नेता?

जुई
कारण विषय तोच आहे! लग्नात रोमा बँड हवा, शेजारी रोमा कुटुंब नको. मी स्कोप्येत नोकरीला होते. सहकाऱ्याच्या लग्नात शुतो ओरिझारी या रोमा वस्तीचा बँड पहाटेपर्यंत वाजला, आणि त्या वादकांना जेवायला मागच्या दाराशी बसवलं. आवाज चढवायचा तर तिथे चढवा, यांच्यावर नको.

व्हिएन्नाकर
ठीक आहे, तो सूर चुकीचा होता. तरी तानपुरांचं निराशेचं टुमणं मला मान्य नाही. २०१७मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत हिदरेल्लेझ हा वसंताचा सण तुर्कस्तान आणि मॅसेडोनियाने मिळून नोंदवला. त्याच वर्षी मार्चच्या लाल-पांढऱ्या धाग्याची प्रथा बल्गेरिया, मॅसेडोनिया, मोल्दोव्हा, रोमानियाने एकत्र नोंदवली. हक्क न सांगता वाटून घेता येतं, हे यातून दिसत नाही का?

तानपुरा
आणि २०२०मध्ये त्याच बल्गेरियाने त्याच मॅसेडोनियाची युरोपीय संघाची वाट इतिहास-भाषेच्या वादावरून अडवली. धागा एकत्र बांधला, भाषा मात्र वेगळी मानेनात! जुईंचं मोस्तार तेवढं नाइलाजाने मान्य करतो: पोरांना रोज एकत्र बसवणारी जागा असेल, तर पैसा तिथे जावा.

पालावरचा
आणि सामायिक वारशाच्या अर्जावर रोमा वादकांची सही लागेल, ही अट पण घाला. देशांच्या सह्या झाल्या, त्यांची कुणी मागितली का?