सिटकॉमवर पीएच.डी. आणि कुणाच्या पोटात का दुखावं

निरुपमा: परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं, "बावीस मिनिटांच्या पाचकळपणावर तीनशे पानी प्रबंध! विनोद समजावला की मेला." वाचून डोकं फिरलं. 'ऑल इन द फॅमिली' ही अमेरिकी सिटकॉम, म्हणजे विनोदी मालिका, 1971 साली आली. तिचा नायक आर्ची बंकर, त्याच्या पूर्वग्रहांवर लोक हसतील, ही कर्त्यांची अपेक्षा. 1974 मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी प्रेक्षक तपासले. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह, त्यांना आर्ची आपला माणूस वाटत होता! सोफ्यावर लोळून कळलं असतं हे?

तिरकस: ते महाशय मीच. आणि हो, सोफ्यावरच कळलं. असल्या तोंडाळ पात्रावर आम्ही पोरं हसायचो, आणि काका मांडीवर थाप मारून म्हणायचे, "हा एकटाच खरं बोलतो." काकांना कुणी पदवी दिली नाही.

निरुपमा: म्हणजे निष्कर्ष मान्य, फक्त काढणाऱ्याचा पगार खुपतो. बरं.

जुनी_कॅसेट: अभ्यास करायचाच तर मालिकांत वरून जोडलेल्या त्या डबाबंद हसण्याचा करा हो! चार्ली डग्लसने पन्नाशीच्या दशकात यंत्र बनवलं, बटण दाबलं की खोखो. 'मॅश' ही लष्करी इस्पितळावरची मालिका, तिच्या कर्त्यांना ते नकोच होतं, पण सीबीएस ही अमेरिकी वाहिनी ऐकेना. शेवटी तडजोड काय, तर शस्त्रक्रियेच्या प्रसंगात हसू नाही. बीबीसीने मालिका हसण्याविना दाखवली. दोन्ही बघा, दोन वेगळ्या मालिका वाटतात.

तिरकस: सगळं डबाबंद नसतं. 'आय लव्ह लूसी' 1951 पासून प्रेक्षकांसमोर, तीन कॅमेऱ्यांनी, फिल्मवर चित्रित व्हायची. ती माणसं खरी होती.

जुनी_कॅसेट: खरी? मी गेलोय एका चित्रीकरणाला. तोच विनोद तिसऱ्यांदा, पोटात कावळे, आणि समोर एक गृहस्थ हात वर करकरून आम्हाला हसवतायत. हसलो. घरी जायचं होतं.

गंपू: एकटं राहणाऱ्याला विचारा. वर्षभर रात्री जेवताना मी ते हसू लावून ठेवायचो. मालिका बघतही नव्हतो.

जुनी_कॅसेट: मग रेडिओ लावायचा!

गंपू: तुम्ही एकटे जेवला नाहीत कधी, दिसतंच आहे.

निरुपमा: भांडू नका. गंपू, तुम्ही सांगताय तेच मेडहर्स्ट आणि टक या अभ्यासकांनी 1982 मध्ये मांडलंय: ते हसणं म्हणजे एकत्र बसून बघण्याची विजेवर चालणारी भरपाई. आता बोला, तिरकसराव.

तिरकस: बोलतो. 'डॅड्स आर्मी' या ब्रिटिश सिटकॉमच्या दुसऱ्या पर्वाचे तीन भाग आजही गायब आहेत. बीबीसी तेव्हा टेप पुसून पुन्हा वापरायची, कारण माझ्यासारख्यांना वाटायचं हा पाचकळपणा कोण जपणार. तेव्हा एखादा प्राध्यापक आडवा पडला असता तर चाललं असतं. एखादाच. तीनशे पानं मात्र जास्तच आहेत.

जुनी_कॅसेट: त्या टेपांवरचं हसणंही पुसलं गेलं असेल. तेवढ्यापुरते बीबीसीचे आभार.