बरोइतकंच श्रेय एडवर्ड्स-हेलेअरचं

२०१९ च्या अमेरिकन कॉलेज फुटबॉल हंगामात एलएसयूनं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) अलाबामावर मिळवलेल्या ४६-४१ विजयाचं सगळं श्रेय क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) जो बरोच्या हाताला देणाऱ्यांशी अर्धाच सहमत. ३९ पैकी ३१ पास अचूक, ३९३ यार्ड. त्यावर कोण काय बोलणार! पण चेंडू घेऊन धावणाऱ्या क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरला विसरू नका, राव. पाच फूट आठ इंचांचा गडी, धावत १०३ यार्ड, वर नऊ कॅच आणि एकूण चार टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलक्षेत्रात नेणं). पहिला धक्का बसला की बचावपटूला वाटतं, धरला. तोवर हा पठ्ठ्या गिरकी घेऊन पुढे सटकलेला. तो पासही झेलायचा, त्यामुळे पास झेलायला पाच जण धावले की कोणाला धरायचं हे बचावाला कळेना.

हीच एलएसयू २०१८ मध्ये घरच्या मैदानावर अलाबामाकडून २९-० अशी हरली होती! प्रशिक्षक जो ब्रेडी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आला आणि हल्ल्याचा नूरच पालटला.

खटकलं ते एवढंच, की मध्यंतराला ३३-१३ पुढे असून तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपला एकही गुण नाही. चौथ्यात अलाबामा ३३-२७ पर्यंत आली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. बचावाबद्दल तर बोलायलाच नको.