कनेक्झिन-४३ दिसतंय, पण रंग शेजारच्या पेशीत जात नाही

पेट्रीडिश: एमडीए-एमबी-२३१ या स्तन कर्करोगाच्या पेशींत जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं कनेक्झिन-४३ (शेजारच्या पेशींना जोडणारे चॅनल बनवणारं प्रथिन) घातलंय. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखायची चाचणी) बॅंड येतो, दोन पेशींच्या सीमेवर हिरवे ठिपकेही दिसतात. स्क्रेप लोडिंगला (पेशींच्या थरावर ओरखडा मारून रंग आत सोडायचा आणि तो शेजारी किती जातो ते बघायचं) मात्र कधी रंग ओरखड्यापाशीच थांबतो, तर कधी सगळी डिशच चमकते. रंग ल्युसिफर यलो, ०.५ मिग्रॅ प्रति मिली, कॅल्शियम नसलेल्या पीबीएसमध्ये (क्षारांचं बफर द्रावण), ५ मिनिटं. आणखी एक: कनेक्झिन गाठीला रोखतं की पसरायला मदत करतं? दोन्ही वाचायला मिळतं.

गॅपजंक्शन: जीएफपी कनेक्झिनच्या कुठल्या टोकाला आहे, सुरुवातीच्या (एन) की शेवटच्या (सी)? एन-टोकाला असेल तर शोध तिथेच संपला. अशी प्रथिनं सीमेवर व्यवस्थित जमतात, ठिपके झकास दिसतात, पण चॅनल चालत नाही. एन-टोक चॅनलच्या तोंडाशीच असतं. सी-टोकाला जीएफपी लावलेलं चालतं.

शिवाय ल्युसिफर यलो आणि जीएफपी दोन्ही हिरव्यातच दिसतात, म्हणजे चमकतंय ते नेमकं काय हे कळायला मार्ग नाही. रंगाऐवजी न्यूरोबायोटिन वापरा आणि पेशी फिक्स केल्यावर, त्याला चिकटणाऱ्या, सायफाइव्ह हा लाल रंग लावलेल्या स्ट्रेप्टाव्हिडिनने बघा. रेणू लहान आहे, ल्युसिफर यलो अडखळतं तिथूनही जातो.

लॅबकट्टा: 'सगळी डिश चमकते' याला माझा पहिला संशयित तुमचा पीबीएस. बाहेर कॅल्शियम नसलं की शेजारणीशी न जुळलेले अर्धे चॅनल उघडतात आणि रंग थेट बाहेरून आत शिरतो. तो तुमच्याच कनेक्झिनमधून गेला असेल असंही नाही, पेशींचं मूळचं थोडं असतंच. कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेला पीबीएस घ्या, धुतानासुद्धा.

दोन जादा डिश ठेवा: एकीत रंग घाला पण ओरखडा मारू नका, दुसरीत ओरखडा मारा पण रंग नको. पहिली चमकली तर रंग बाहेरून शिरतोय, दुसरी चमकली तर ते जीएफपी आहे. रंगासोबत १० किलोडाल्टनचं ऱ्होडामिन डेक्स्ट्रान (लाल रंग लावलेला मोठा रेणू) घाला. ते चॅनलमधून जात नाही, त्यामुळे फाटलेल्या पेशी तेवढ्या लाल होतात आणि अंतर तिथून मोजता येतं. लायसिन जोडलेलंच घ्या, साधं फिक्स करताना वाहून जातं. थर पूर्ण भरलेला हवा. ब्लेड नवीन हवं. बोथट ब्लेडने पेशी कापल्या जात नाहीत, सोलून निघतात.

चालू चॅनलचा कंट्रोल म्हणून उंदराच्या (रॅटच्या) यकृताच्या डब्ल्यूबी-एफ३४४ पेशी, बंद चॅनलचा म्हणून १०० मायक्रोमोलर कार्बेनोक्सोलोन (चॅनल बंद करणारं औषध) ३० मिनिटं आधी. कार्बेनोक्सोलोन पॅनेक्झिन या दुसऱ्या प्रथिनाचे चॅनलही बंद करतं, तेव्हा एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

पेट्रीडिश: जीएफपी एन-टोकालाच आहे. वेस्टर्न तरी ग्राह्य धरू ना?

गॅपजंक्शन: बॅंड कुठे येतो? जोडलेलं ७० किलोडाल्टनच्या आसपास, मूळचं ४३ च्या. मूळच्याचे फॉस्फेटनुसार दोन-तीन बॅंड दिसतात, म्हणून पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट निघू न देणारी रसायनं) हवेतच. हे प्रथिन पेशीत काही तासच टिकतं, त्यामुळे नमुने बर्फावर भराभर उरका. सीमेवर खरोखर जमलेलं किती हे पाहायचं तर ४ अंशांवर १% ट्रायटन या डिटर्जंटमध्ये विरघळवून सेंट्रिफ्यूज करा: जंक्शनमधलं तळाशी बसतं, बाकीचं वर राहतं.

ओंकोकट्टा: दुसऱ्या प्रश्नाला 'कुठे आणि केव्हा' विचारल्याशिवाय उत्तर नाही. १९६६ मध्ये लोवेनस्टाइन आणि कानो यांनी यकृताच्या कर्करोगात पेशींमधली देवाणघेवाण तुटलेली दाखवली, रोखण्याची कल्पना तिथून रुजली. उलट मेंदूत पोचलेल्या स्तन आणि फुफ्फुसाच्या कर्करोगपेशी कनेक्झिन-४३ नेच अ‍ॅस्ट्रोसाइटशी (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींशी) जोडल्या जातात (२०१६ मधलं संशोधन). त्या सीजीएएमपी हा संदेशवाहक रेणू तिकडे ढकलतात, अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये स्टिंग हे धोका ओळखणारं प्रथिन जागं होतं, इंटरफेरॉन आणि टीएनएफ ही संदेश देणारी प्रथिनं सुटतात आणि कर्करोगपेशी त्यावरच तगून राहतात. प्रथिन तेच, शेजारी वेगळा.

त्यातून सी-टोक चॅनलशिवायही पेशीच्या वाढीवर परिणाम करतं. तेव्हा वाढ कमी झाली तर श्रेय चॅनलला देण्याआधी १५४ व्या जागी थ्रिओनिनऐवजी अ‍ॅलानिन असलेलं कनेक्झिन-४३ घालून पाहा. ते सीमेवर जमतं, पण बंदच राहतं. एन-टोकाला जीएफपी असलेला प्लास्मिडही (पेशीत जनुक घालायचा डीएनए) टाकून देऊ नका, बंद चॅनलचा दुसरा कंट्रोल म्हणून तो चालेल.