शर्यतीतल्या घोड्यासाठी लसूणघास आणि नालबंद हवा आहे (डिचोली)

15 दिवसांपूर्वी आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) एक घोडा आणलाय. आधी शर्यतीत पळायचा, मग वरातीत. आला तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. डॉक्टरांनी बजावलंय, उपाशी घोड्याला एकदम दाणा घातला तर जिवावर बेततं. लसूणघास (ल्युसर्न, हिरवा चारा) द्यायचा, तोही थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा. इथे मिळतो भाताचा पेंढा, त्यात कस नाही. बेळगाव-कोल्हापूरहून लसूणघास आणणारं कोणी माहीत आहे का?

पावसात गोठा ओला राहतो. खूर सडू नयेत म्हणून खाली काय अंथरता? पुढच्या उजव्या पायाची शीर सुजलीय, त्यामुळे दोर धरून हळूहळू चालवतो, एवढंच.

आणि गोव्यात येणारा नालबंद असेल तर कृपया लगेच कळवा. रात्री जवळ गेलं की बिचारा खांद्यावर मान टेकवतो.