मदत हवी आहे : नेटचं बिल ऑनलाइन भरलं, पैसे कट झाले, केबलवाले म्हणतात जमाच नाहीत

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आई-बाबा कऱ्हाडला असतात, मी पुण्यात. घरची टीव्हीची केबल आणि फायबरचं नेट दोन्ही एकाच केबलवाल्या दादांकडून आहे. आतापर्यंत महिन्याच्या सुरुवातीला वसुलीचा मुलगा घरी यायचा, आई पैसे द्यायची, तो कार्डावर सही करून जायचा. आता तो यायचा बंद झालाय आणि 'ऑनलाइन भरा' असा निरोप आलाय. आईला ते जमणार नाही, म्हणून दोन्ही बिलं मी इथून भरली.

केबलचं व्यवस्थित झालं. बॉक्सचा नंबर टाकला, पैसे भरले, संध्याकाळी आईच्या मालिका सुरू. अडलंय ते नेटचं. फोनवरच्या पेमेंट अॅपमध्ये ब्रॉडबँडच्या यादीत गेले, जुन्या पावतीवरच्या कंपनीचं नाव निवडलं, त्याच पावतीवरचा ग्राहक क्रमांक टाकला. बाबांचं नाव बरोबर आलं. यूपीआयने पैसे भरले. थोडा वेळ 'प्रलंबित' दिसत होतं, मग 'यशस्वी' आलं. खात्यातून पैसे गेले, पण नेट बंदच आहे.

दादांना फोन केला तर म्हणाले, "ताई, आमच्याकडे काहीच दिसत नाही. माझ्या क्यूआरवर पाठवा, लगेच चालू करून देतो." माणूस चांगला आहे, इतक्या वर्षांचा संबंध आहे, त्यांच्यावर माझा संशय नाही. पण एकाच महिन्याचे दोनदा पैसे भरायचे का? आणि आधीचे कोणाकडे मागायचे?

घाई यासाठी की बाबांना पक्षाघात झाल्यापासून त्यांचे फिजिओथेरपीचे व्यायाम व्हिडिओ कॉलवर चालतात. उजवा हात आता कुठे थोडा हलायला लागलाय, यात खंड पडायला नकोय.

त्यातच आईच्या फोनवर मेसेज आलाय, 'बिल थकल्यामुळे आज रात्री कनेक्शन कायमचे बंद होईल, खालील नंबरवर संपर्क करा'. ती घाबरली आहे. हा मेसेज खरा असेल का?

खातेवही

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. त्या नंबरवर आईंना अजिबात फोन करू देऊ नका. वीजबिलाच्या नावाने असेच मेसेज येतात. समोरचा माणूस गोड बोलून फोनमध्ये एखादं अॅप घ्यायला लावतो, मग स्क्रीन त्याला दिसू लागते आणि खातं रिकामं होतं. आईंना एवढंच पक्कं सांगा की फोन करायचा तर केबलच्या कार्डावर छापलेल्या नंबरवरच करायचा. गुगलवर सापडलेला कस्टमर केअरचा नंबरही नको. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, तिथे पहिला तास फार मोलाचा असतो.

आता तुमच्या पैशांचं. मी बँकेत आहे, असे प्रसंग रोज बघतो. तुमच्याकडे दोन नंबर असतील. एक यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. दुसरा बिलाच्या पावतीवरचा भारत बिल पेमेंटचा, म्हणजे अॅपमधली बिलं ज्या यंत्रणेतून कंपन्यांकडे जातात तिचा, व्यवहार क्रमांक, त्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही असतात. पैसे कुणाच्या नावावर गेले ते या दुसऱ्या नंबरावरून कळतं. पावती उघडा आणि बिलरच्या, म्हणजे बिलाचे पैसे घेणाऱ्या कंपनीच्या, जागी नेमकं काय लिहिलंय ते इथे सांगा.

खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराला किंवा कंपनीला पोचल्याची खात्रीच झाली नाही, अशा यूपीआय व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे. व्यवहारानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. पण तुमच्याकडे 'यशस्वी' आलंय, म्हणजे ते कुठल्यातरी कंपनीकडे पोचलेत. त्यामुळे पाच दिवस वाट बघत बसू नका.

तारवाला

ताई, मी एका शहरात केबलच्या कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आतली रचना सांगतो.

तुमचे दादा म्हणजे लोकल ऑपरेटर, एलसीओ. त्यांच्यावर मोठी कंपनी असते, एमएसओ. चॅनेलचा सिग्नल कंपनीचा, गावातली तार आणि खांबावर चढणारा माणूस दादांचा. बॉक्स चालू-बंद होतो तो कंपनीच्या सिस्टिममधून. बहुतेक ठिकाणी ऑपरेटर कंपनीच्या वॉलेटमध्ये आगाऊ पैसे टाकून ठेवतो आणि त्यातून तुमचा पॅक रिन्यू करतो. म्हणून तुम्ही अॅपमधून कंपनीच्या नावाने भरलेत की पैसे थेट कंपनीकडे जातात आणि ऑपरेटरच्या वहीत काहीच दिसत नाही. क्यूआरवर भरले तर वहीत दिसतात, कंपनीकडे दिसत नाहीत. 'आमच्याकडे दिसत नाही' आणि 'पैसे आले नाहीत' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नेटचा हिशोब तर आणखी वेगळा. ऑपरेटर एकच असला तरी केबलची कंपनी एक आणि नेटची दुसरीच, हे सर्रास चालतं. आणि नेटची कंपनी ऑपरेटर बदलतोसुद्धा. स्वस्त बँडविड्थ मिळाली की सगळे ग्राहक नव्या कंपनीवर नेतो. घरात तार तीच, राउटरही बहुतेक वेळा तोच, त्यामुळे ग्राहकाला पत्ता लागत नाही. जुन्या कंपनीत मात्र त्याचं खातं नावासकट तसंच पडून राहतं. तुमची पावती जुनी आहे म्हणता, तर मला हीच शंका येतेय. दादांना सरळ विचारा, मधल्या काळात कंपनी बदलली का आणि बाबांचा आत्ताचा युजर आयडी काय आहे.

आणखी एक. आईंना राउटरजवळ उभं करा. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर तार तुटलीय, बिलाशी काही संबंध नाही. सगळे दिवे हिरवे आणि तरी नेट नाही, तर बहुतेक पॅक संपलाय. पैसे भरल्यावर राउटर एकदा बंद करून दोन-तीन मिनिटांनी चालू करायचा, कारण जुनं लॉगिन अडकून राहतं. पैशांवरून चाललेली निम्मी भांडणं खरं तर तुटलेल्या तारेची असतात.

कृष्णाकाठ

तारवाला, तुमची शंका अगदी बरोबर निघाली. मनापासून आभार.

दिवे सगळे हिरवे होते. पावतीवर बिलर म्हणून जुन्या कंपनीचं नाव आहे आणि दादांनी गेल्या दिवाळीनंतर कंपनी बदलली आहे. वसुलीचा मुलगा रोख न्यायचा, त्यामुळे नवा आयडी आम्हाला कुणी दिलाच नव्हता. जुन्या कंपनीने मात्र बंद पडलेल्या खात्यावर पैसे घेतले, नावही दाखवलं. ग्राहक आपल्याकडे उरलेलाच नाही हे त्यांच्या सिस्टिमला कळायला नको का? याचा मला फार राग आलाय.

दादांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी आठवड्यासाठी नेट चालू करून दिलंय, बाबांचा व्यायाम आज झाला. आता जुन्या कंपनीकडून पैसे कसे मिळवायचे?

खातेवही

ज्या अॅपमधून भरलंत त्याच अॅपमध्ये, त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा. भारत बिल पेमेंटमध्ये ही सोय असते, तक्रार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. शिवाय कंपनीला ईमेल करा : हे खाते अमुक महिन्यापासून बंद आहे, सेवा दिलेली नाही, रक्कम परत करा. ऑपरेटरकडून कंपनी बदलल्याचे दोन ओळींचे पत्र घेऊन जोडा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा फोन 14448. पण तुमच्या प्रकरणात चूक बँकेची दिसत नाही, तेव्हा आधी कंपनीच्या मागे लागा.

पुढच्या महिन्यांसाठी यूपीआय ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला बिल आपोआप कापलं जाण्याची सोय, बघा. 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही आणि पैसे कापण्याच्या 24 तास आधी सूचना येते. नव्या कंपनीकडे ती सोय आहे का, ते मात्र विचारावं लागेल.

मालवणकर_दोहा

मध्येच विचारतो, क्षमस्व. मी कतारला आहे, आईचं नेट मालवणला. माझ्याकडे भारतातला नंबर नाही. मला इथून असं बिल भरता येईल का?

खातेवही

एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल तर कतारच्या नंबरावरून यूपीआय घेता येतं, तुमची बँक ती सोय देत असेल तर. परदेशातून घरच्यांची बिलं भारत बिल पेमेंटने भरू द्यायचा निर्णयही रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये घेतलाय. पण वर जे झालं ते वाचा आणि आधी आईंच्या कनेक्शनची आत्ताची कंपनी कोणती, ते नक्की करा.

जुनी_पेठ

माझं मत थोडं वेगळं आहे. आईबाबा एकटे असतील तर नेटचे पैसे ऑपरेटरलाच द्यावेत, त्याच्या क्यूआरवर द्या हवं तर, पण त्याच्याकडूनच पावती घ्या. पावसात रात्री तार तुटली तर शिडी घेऊन तोच येतो, कंपनीचं अॅप येत नाही. आमच्या आजींना त्यांचा ऑपरेटर औषधंसुद्धा आणून देतो.

तारवाला

पटतं. फक्त पावतीवर नेट आणि केबल वेगवेगळं लिहून घ्या, नुसता एकूण आकडा नको. केबलमधला नेटवर्क क्षमता शुल्काचा, म्हणजे चॅनेलच्या किमतीखेरीज नुसत्या जोडणीचा, भाग आधी 200 चॅनेलपर्यंत 130 रुपये अधिक जीएसटी एवढाच घेता यायचा, जुलै 2024 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने ती मर्यादा काढली. त्यामुळे आता कशाचे किती, हे ग्राहकाने विचारायलाच हवं.

कृष्णाकाठ

आईच्या कार्डावर दादांनी दोन्ही आयडी, दोन्ही कंपन्यांची नावं आणि स्वतःचा नंबर ठळक अक्षरांत लिहून दिलाय. तो मेसेज आईने पुसून टाकला.

तक्रार नोंदवली. जुन्या कंपनीचं उत्तर आलंय की परताव्याच्या अर्जावर खातेदाराची सही हवी. खातं बाबांच्या नावावर आहे आणि त्यांच्या उजव्या हाताने अजून सही होत नाही. अंगठा चालेल का? की मी अर्ज केला तर चालेल?

खातेवही

पैसे तुमच्या खात्यातून गेलेत आणि परतावा सहसा ज्या खात्यातून रक्कम आली तिथेच जातो. त्यामुळे पैसे भरणारी म्हणून अर्ज तुमच्या नावाने करा, व्यवहार क्रमांक आणि बँकेचा उतारा जोडा, बाबांच्या आजारपणाचं एका ओळीत लिहा. तरी सही मागितली तर कोणत्या नियमाने मागताय ते ईमेलवर लिहून मागा. अंगठ्याचा पर्याय त्यांनी लेखी मान्य केला, तरच दोन साक्षीदारांसमोर घ्या. उत्तर आलं की इथे टाका, पुढचा मसुदा मी लिहून देतो.