खाडीकाठच्या विहिरी मचूळ होताहेत: हवामानबदलाच्या कार्यक्रमात गावाने नेमकं काय करावं?

खाडीकाठ
बाणकोट खाडीच्या काठचं गाव, तीन वाड्या, खारबंदिस्तीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) आड भातशेती. मार्चनंतर खालच्या वाडीतल्या विहिरी मचूळ होतात. गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी खाचरांत शिरलं. ग्रामपंचायत, शाळा आणि बचत गट मिळून हवामानबदलावर वर्षभराचा कार्यक्रम घेणार आहेत. आतापर्यंतच्या सूचना म्हणजे प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा आणि 5 जूनला कांदळ (खारफुटी) लागवड. लोकांना पटेल असं काय मोजता येईल? कांदळ कुठे लावावं? आणि शेतासाठी गावाच्या हातात काय आहे?

भांगउधाण
विहिरींपासून सुरुवात करा. आपल्या विहिरीचं पाणी ज्याला त्याला ठाऊक असतं, त्यामुळे तिचा आकडा सभेत कुणी उडवून लावत नाही.

खिशातला ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) मीटर घ्या. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवणारा पेनही चालेल, पण वर्षभर एकच यंत्र वापरा. ईसीवरून टीडीएस काढताना कुठलं यंत्र 0.5 ने गुणतं, कुठलं 0.7 ने, त्यामुळे दोन पेनांचे आकडे जुळत नाहीत. सोबत 1413 मायक्रोसीमेन्सचं प्रमाण द्रावण ठेवा आणि महिन्यातून एकदा यंत्र त्यात बुडवून तपासा.

बादलीने वरचं पाणी काढलंत तर फसाल. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, आणि बाटली तळापासून हातभर वर असताना बूच ओढा. पहिला नमुना बाटली विसळून फेकून द्या. पहाटे पंप सुरू व्हायच्या आधी एक नमुना आणि उपसा थांबल्याबरोबर दुसरा. असं महिन्यातून दोनदा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला (भरती कमी चढते तेव्हा).

या जोड्यांवरून कारणाचा माग लागतो. उपशानंतरचं पाणी सकाळपेक्षा बरंच खारं असेल तर पंप खालचं खारं पाणी ओढतोय. उधाणाला आकडा चढतो आणि भांगाला उतरतो, असं दिसलं तर खाडीचं पाणी कुठून तरी सरळ येतंय. जवळचा ओहोळ आणि बांध बघा. दोन्हींत फरक नसून जानेवारी ते मे आकडा हळूहळू चढत असेल, तर गोड्या पाण्याचा साठाच आटतोय. पंपाचा दोष असेल तर फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळाच्या तळाची झडप) वर घ्या आणि सलग उपसण्याऐवजी थांबून थांबून उपसा. किनाऱ्याजवळ भूजल समुद्रसपाटीच्या 1 फूट वर असेल, तर हिशेबाने त्याखाली सुमारे 40 फूट गोडं पाणी तोलून राहतं. म्हणून पातळी फूटभर उतरणंही महागात पडतं.

आकडे एसटी थांब्यावरच्या फलकावर लिहा. टीडीएस 500 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत हिरवा, 500 ते 2000 पिवळा, त्यावर लाल. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 च्या मर्यादा याच आहेत. 2000 ची सूट दुसरा स्रोत नसेल तरच. विहिरींना क्रमांक द्या, मालकाचं नाव लिहू नका, नाहीतर लोक नमुना द्यायचंच बंद करतील.

धक्क्यावर भरतीची पट्टी रंगवणार असाल तर जरूर रंगवा, पण ‘बघा, समुद्र चढला’ असं मुलांना सांगू नका. जागतिक समुद्रपातळी 2006 ते 2018 या काळात वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढली. वारा आणि नदीचा पूर एका दिवसात भरती त्याच्या कितीतरी पट हलवतात. खरं सांगायचं ते हे: पाया चढतोय, म्हणून पूर्वी बांधाच्या काठाशी थांबणारं उधाण आता थोड्या वाऱ्यानेही आत येऊ शकतं.

तिवर
5 जूनची लागवड रद्द करा. आदल्या वर्षीची नर्सरीतली रोपं हाताशी असतील तरच ती तारीख धरा. तिवराचं (कांदळवनातलंच दुसरं झाड) बी आणि कांदळाच्या शेंगा पावसाळ्यात पिकतात. पिकलेली शेंग हलक्या हाताने सुटते. ओढावी लागली तर ती कच्ची आहे. टोकदार बाजू खाली, लांबीचा साधारण तिसरा हिस्सा चिखलात, दोन शेंगांत मीटरभर अंतर.

लागवड फसते ती बहुतेक जागेमुळे. ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखल रिकामा दिसतो म्हणून लोक तिथे लावतात. तिथे रोपं फार वेळ बुडून राहतात, त्यांवर शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) चढतात, वजनाने ती आडवी होतात. शिवाय त्याच चिखलात बायका तिसऱ्या आणि कालवं काढतात. आज जिथे कांदळवन आहे त्याच पातळीवरची तुटकी जागा शोधा. एखादा बुजलेला ओहोळ मोकळा करून भरतीचं पाणी आत येऊ दिलं तर बी आपोआप येतं, लावावंही लागत नाही. तिवर शेळ्यांना आवडतो, त्यामुळे पहिली दोन वर्षं कुंपण हवंच. ओहोळ असो की लागवड, आधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला. बांधाच्या आत मात्र एकही रोप नको.

खारेपाट
बांधाच्या आत रोप नको, या तिवर यांच्या वाक्याला जोर देतो. बांधाची खांड (भगदाड) वर्षानुवर्षं तशीच राहिली की शेतात कांदळवन उगवतं, आणि ते तोडायला बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने भोवतालचा 50 मीटरचा पट्टाही संरक्षित केला. मग जमीन परत लागवडीखाली आणणं फार अवघड होतं. म्हणून दुरुस्ती त्याच हंगामात करा.

पाणी बांधावरून आलं की बांधातून, हे आधी ठरवा. उधाणाच्या भरतीला बांधाच्या आतल्या कडेने चालत जा आणि जिथे ओल किंवा पाझर दिसेल तिथे खूण करा. खेकड्याच्या बिळातून आधी पाणी झिरपतं, मग माती निघते आणि एखाद्या उधाणात खांड पडते. बीळ वरून लिंपून उपयोग नाही. ओहोटीला खाडीच्या बाजूने शेवटपर्यंत खणा आणि चिकट चिखल सहा-सहा इंचांच्या थरांत चोपत भरा. कोरडी ढेकळं टाकली तर मध्ये पोकळ्या राहतात.

उघाडीची (बांधातून पाणी बाहेर सोडायच्या वाटेची) झडप ओहोटीला उघडते, भरतीला मिटते. ओंडका अडकला, बिजागरी गंजली किंवा मासे धरायला कुणी टेकू लावला, की भरती थेट खाचरात. प्रत्येक उधाणाआधी झडप बघायला दोन माणसं नेमा आणि टेकूचा प्रश्न सभेतच सोडवा. अलिबाग-पेणकडे बांध राखण्याची जोळ पद्धत याच कामासाठी होती. मोठी खांड श्रमदानाने बांधायला जाऊ नका, ओढीत माणूस वाहून जाईल. फोटो, तारीख आणि भरतीची वेळ लिहून खारभूमी विकास विभागाला अर्ज द्या.

खारं पाणी शिरलेलं खाचर पहिल्या पावसात नांगरा, पाणी दोन-तीन दिवस कोंडा आणि ओहोटीला उघाडीतून सोडा. साचलेल्या पाण्याचा ईसी 2000 मायक्रोसीमेन्सच्या खाली येईपर्यंत हे करत राहा. रोपं वरकस (उंचावरच्या) जमिनीत तयार करा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2, 3 या जाती किंवा जुना काळा राता घ्या. लावणी महिन्याच्या रोपांची, चुडात चार-पाच काड्या. कोवळं रोप खाऱ्यात आधी जळतं.

खाडीकाठ
भांगउधाण यांची पद्धत लगेच सुरू करतोय. छपराचं पाणी विहिरीत सोडायचीही सूचना आहे. त्यावर खर्च करावा का?

जांभाकडा
तुमच्याकडे नको. विहीर जुलैतच तुडुंब असते आणि जांभ्यातून पाणी दिवाळीनंतर भराभर निचरून जातं. त्या पैशांत वरच्या वाडीच्या वहाळावर वनराई बंधारे (पोत्यांचे तात्पुरते बंधारे) घाला. विहिरींचा तक्ता 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा, 2 ऑक्टोबरला ठराव करून विकास आराखड्यात घ्या आणि धार वाहती असतानाच काम उरका.

आधी तळाची वाळू कठीण थरापर्यंत काढा, नाहीतर पाणी खालून निघून जाईल. सिमेंटची रिकामी पोती दोन-तृतीयांशच भरा. गच्च भरलेली एकमेकांवर नीट बसत नाहीत. विटांसारखा सांधमोड ठेवा, तळाची रुंदी उंचीच्या दुप्पट, उंची मीटरभर पुरे. दोन्ही काठांत बंधारा दोन फूट आत घुसवा, कारण तो कडेनेच फुटतो. पाण्याच्या बाजूला चिकणमाती लिंपा. उन्हाने पोती विरतात, म्हणून वरच्या थरावर माती आणि पालापाचोळा टाका. मे संपायच्या आत ती उचला, नाहीतर पहिल्याच पुरात ते फाटकं प्लास्टिक खाडीत जाऊन उघाडीत अडकेल.